विश्वविक्रमाचा सोलापुरी सत्कार

परदेशातल्या एका टेनिसपटूनं पुरुष एकेरीच्या विजेतेपदांचा विक्रम मोडला आणि सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या मंडळानं त्याचा सत्कार ठरवला. आमच्याकडे सत्काराला कारण लागतं, माणूस लागत नाही.

चौकात फ्लेक्स लागला. मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो दाराएवढा. विक्रमवीर खाली कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत, पासपोर्ट साइजचा.

आता टॉवेल-टोपी आणि चादर द्यायची कुणाला, एवढाच प्रश्न उरला. तो शेजारच्या काकांनी सोडवला. अख्खा अंतिम सामना त्यांनी टीव्हीवर बघितला होता.

"पाच सेट बूड हलवलं न्हाय मी. सोपं हाय का?" ते मला म्हणाले.

"लई अवघड हाय की, काका," मी म्हणालो. त्यांना ते कौतुक वाटलं.

सत्कार सकाळी थाटात झाला. काकांनी गहिवरून चादर घेतली. अध्यक्ष जिद्दीवर बोलले आणि टेनिस सोडून सगळ्या विषयांना त्यांनी हात घातला. टाळ्या मीही वाजवल्या. दुसरं करणार काय? कार्यक्रम टेनिसचा, म्हणून मंडप गावातल्या मातीच्या टेनिस कोर्टावरच घातला होता आणि मी रोजच्यासारखा रॅकेट घेऊन खेळायला गेलो होतो.

मंडप त्याच दिवशी निघाला. खांबांसाठी बेसलाइनवर खणलेले खड्डे मात्र अजून तसेच आहेत. त्या विक्रमाला निदान सोलापुरातून तरी आता कसलाही धोका नाही.