पिवळ्या दिव्याचा फोन

हार्टविग क्रिशबाउमने शनिवारी आलुबुखाऱ्याचा केक भाजला, तोही अख्ख्या कचेरीला पुरेल एवढा. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये वाढदिवस ज्याचा, त्यानेच कामावर केक न्यायचा. बाकीचे आयते खायला येतात. पण वाढदिवस आला रविवारी. रविवारी कोण मरायला येतंय कचेरीत? हे त्याला चांगलं कळत होतं. तरी भाजला.

हवामानाचा एक उपग्रह सांभाळणं हे त्याचं काम. उपग्रह वरून ढगांचे फोटो पाठवायचा आणि हा खाली नियंत्रण कक्षात बसून त्याची तब्येत बघायचा. बॅटरी भरली का, कॅमेरा तापला का, तोंड पृथ्वीकडे नीट आहे ना. आकडा जरा बिघडला की पडद्यावर पिवळा दिवा लागे; तेव्हा नोंद करायची आणि लक्ष ठेवायचं. लाल लागला तरच इंजिनिअरला फोन. हा नियम ठरवणाऱ्यांत हार्टविग स्वतः होता.

पूर्वी पाळीला दोघं असायचे. गिस्बर्ट आज्ञा वाचायचा, हार्टविग तीच मोठ्याने परत म्हणायचा, मगच ती वर जायची. मधल्या वेळात दोघं फुटबॉलवरून कचाकचा भांडायचे. गिस्बर्ट निवृत्त झाला आणि पडताळणीला संगणक आला. संगणक बिचारा चुकत नाही, पण भांडतही नाही. घरी बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि कॅनडातल्या लेकीने सकाळी मोबाइलवर केकचं चित्र पाठवलं होतं. चित्र!

रविवारी दुपारी हार्टविग एकटाच पाळीवर असताना पहारेकरी फेरीवर आला.

"वाढदिवसाचा केक ठेवलाय स्वयंपाकघरात, घ्या की एक तुकडा," हार्टविग म्हणाला.

"नको हो, साखर वाढलीये माझी. पण शुभेच्छा बरं का!" म्हणत तो निघूनही गेला.

थोड्या वेळाने पडद्यावर पिवळा दिवा लागला. एक बॅटरी जराशी तापली होती. सप्टेंबरात उपग्रह रोज पृथ्वीच्या सावलीतून जातो, बॅटऱ्या दमतात; दरवर्षीचंच रडगाणं. हार्टविगने नोंद केली. मग त्याचा हात फोनकडे गेला. अरे, हे काय करतोयस, असं त्याला वाटलंही, पण तोवर पलीकडून बिर्गिट हेल्डमान "हॅलो" म्हणाली होती. ती इंजिनिअर; त्या रविवारी गरज पडली तर यायची पाळी तिची.

"बॅटरीचं नक्की काही समजत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही आलात तर बरं होईल."

ती आली. पोराबरोबरचं पोहणं अर्धवट टाकून आलेली, केस अजून ओले. पडदा बघितला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"क्रिशबाउमसाहेब, हा तर पिवळा आहे."

"हो."

"पिवळ्याला मला बोलवायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

बिर्गिट खुर्ची ओढून जवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगा. हल्ली कळेनासं होतंय का? तसं असेल तर मला वर सांगावं लागेल. मग एकट्याला बसवणार नाहीत तुम्हाला इथे."

म्हणजे ही खुर्चीही जाणार! आता एकतर डोकं चालेनासं झालंय म्हणायचं, नाहीतर खरं काय ते सांगायचं. आणि खरं सांगायची लाज त्याहून जास्त होती, माणसाचं असंच असतं मेलं.

"मला सगळं कळतं," तो अखेर म्हणाला. "आज वाढदिवस आहे माझा. केक आणलाय. खायला कुणी नव्हतं."



"अहो, मग फोनवर हेच सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर आला असतात?"

तोंडदेखलं बोलायची तिला सवय नव्हती. तिने विचार केला.

"नाही," ती म्हणाली. मग गळ्यातला ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. "पण आता आलेय. चला, कुठेय केक?"

दिवा अजून पिवळाच होता. पिवळा असेपर्यंत खोली रिकामी सोडायची नाही, आणि खोलीत खायचं काही आणायचं नाही. तेव्हा आधी बिर्गिट पडद्यासमोर बसली आणि हार्टविग स्वयंपाकघरात जाऊन आपला तुकडा खाऊन आला. मग तो बसला आणि ती गेली.

"छान झालाय हो!" ती तिकडून ओरडली.

"अजून घ्या, भरपूर आहे," हार्टविग पडद्याकडे बघत म्हणाला.