दोन रिंगा सोडून

फोन वाजला तेव्हा मी पहिल्या दोन रिंगा सोडून दिल्या. सवयच आहे. तिसरीला उचलला, तर पुण्याहून पुतण्या... "काकू, पप्पा गेले." त्याचे पप्पा म्हणजे श्रेणिक, माझे धाकटे दीर. दीड महिना होत आला, आणि मला रडू येतं त्याहून जास्त त्यांचा राग येतो. का, ते सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं सांगलीचं घर. खाली हळदीची पेढी, वर आम्ही. भावजींनी कुठूनसा एक युनिक्सचा कॉम्प्युटर आणून थेट आमच्या बाहेरच्या खोलीत मांडला. सातारा-कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी आपल्या कॉम्प्युटरवरून आमच्या नंबरला फोन लावायचा, फोनच्या तारेला जोडलेल्या आमच्या मोडेमच्या डबीनं तो उचलायचा, यंत्रानं नाव-पासवर्ड विचारून त्यांना आत घ्यायचं, की घरबसल्या हळदीचे भाव आणि निरोप! ऐकायला छान हो. पण घरात फोन एकच. कधी केबलच्या तारा उलट्या जोडलेल्या, कधी पलीकडच्यानं फोन ठेवला तरी आमच्या यंत्राला पत्ता नाही, मग दिवसभर लाईन एंगेज. भावजी टेबलाखाली, नुसते पाय बाहेर. "वहिनी, आता एवढंच राहिलंय." महिनोन्‌महिने तेवढंच राहिलेलं!

त्यात माझी लेक सुनी साताऱ्याला सासरी, दिवस भरत आलेले. आमचं ठरलेलं होतं, संध्याकाळी तिनं दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचं, म्हणजे सगळं ठीक. वाजतच राहिला तर मी उचलायचा. आणि हा मोडेम पहिल्याच रिंगेला झडप घालायचा. पोर घाबरली. "आई, तुझा फोन किंचाळतोय गं!" मी भावजींना लय बोलले. त्यांनी मुकाट्यानं मोडेमला पाचव्या रिंगेवर बसवलं. मग साताऱ्याचे व्यापारी कुरकुरायला लागले, "तुमचं यंत्र झोपतंय का हो?"

शेवटी चार व्यापाऱ्यांना घरी बोलावलं. साताऱ्याहून फोन येणार, यंत्र त्याला आत घेणार, हे डोळ्यांनी बघितलं की ते पैसे घालणार होते. नाहीतर भावजींचा गाशा गुंडाळलेला. चहा झाला. ठरल्या वेळेच्या आधीच घंटी वाजली. सुनीच्या रिंगा अजून यायच्या होत्या. दोन झाल्या... तिसरी... माझे हात पिठात. चौथीला भावजींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मोडेमची वायर अशी हिसडली, की भिंतीतली फोनची पेटी पोपड्यासकट हातात आली, फोनची तार तेवढी शाबूत राहिली. मी पळत जाऊन फोन उचलला, तर पलीकडून नुसतंच पीप... पीप... साताऱ्याच्या व्यापाऱ्याचाच मोडेम!

"श्रेणिक, तुझं यंत्र वहिनीला इचारून चालतंय व्हय रं?" आलेल्या व्यापाऱ्यांतले अण्णा हसले. "हे काय आपल्या कामाचं न्हाई, गड्या." उठले नि गेले सगळे.

मी कावलेच. "अहो, उपटलीत कशाला? तुमचाच तर फोन होता!"

"सुनीचा असता तर?"

तेवढ्यात फोन वाजला. एक, दोन... आणि थांबला.

"बरी आहे पोर," भावजी म्हणाले.

माझा राग मात्र कुठंतरी निघायलाच हवा होता. "आणि भिंतीचं काय?"

"उद्या करतो की, वहिनी."

त्यांचा तो उद्या काही आला नाही. यंत्र विकलं, ते पुण्याला नोकरीला गेले. दर वेळी आले की मी भोकाकडं बोट दाखवायची आणि ते "उद्या" म्हणायचे.

परवा रंगारी आला होता. "काकू, हे भोक बुजवून टाकू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "ज्यांनी करतो म्हटलंय, ते करतील."