धाकट्याचे फुटरेस्ट

पाण्याचे मीटर वाचणाऱ्याला दिवसातून सत्तर-ऐंशी वेळा गाडीवरून उतरावं लागतं आणि तेवढ्याच वेळा चढावं लागतं. लोखंडी झाकण उचलायचं, काचेवरचं जाळं पुसायचं, आकडा टिपायचा, पुन्हा गाडी. एकवीस वर्षं तो हेच करत होता. ऑफिसात त्याला तोंडावर उंट म्हणत. उंचीच तशी होती. दारातून आत शिरताना वाकलेली मान खोलीत आल्यावरही वर यायची विसरून जायची.

मोटारसायकल मात्र त्याची नव्हती. ती धाकट्या भावाची, कॉलेजात असताना घेतलेली. पुढे धाकटा नोकरीसाठी परदेशी गेला आणि आईने गाडी मोठ्याला दिली. पाहुण्याला उशी देतात तशी. "वापर, पण तिच्यात काही फेरफार करायचा नाही. ठेवून गेलाय तशी मिळाली पाहिजे त्याला." तेरा वर्षांत धाकटा दोनदा येऊन गेला. गाडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

डाव्या फुटरेस्टचं रबर बाहेरच्या कडेला झिजलेलं होतं. धाकटा पाय तिरका टेकायचा. गाडी पुसताना आईचा अंगठा त्या झिजेवरून हळूच फिरायचा. "ऐटीत पाय ठेवायचा माझा सोन्या." मोठा तेरा वर्षं त्याच रबरावर पाय ठेवत होता. त्याच्या पायांची झीज तिला कधी दिसली नाही.

त्याचे गुडघे टाकीच्या वर यायचे आणि वळणावर हँडलला लागायचे. चाळिशी उलटल्यावर ते रात्रंदिवस ठणकू लागले. डॉक्टर म्हणाले, "पाय इतके मुडपून बसू नका." गॅरेजवाल्याकडे गेला, तर तो त्याला गाडीवर बसलेला पाहून हसतच सुटला. "उंटराव, तुम्ही गाडीवर बसता की गाडी तुमच्या काखेत बसते? दोन इंच खाली आणि एक इंच पुढे घेणारे फुटरेस्ट मिळतात. आहात कुठे!"

सुटीच्या सकाळी ते बसवले. गॅरेजवाल्याने पक्कडीने पिन सरळ करून ओढली, आतली स्प्रिंग अंगठ्याखाली दाबून धरली, जुने फुटरेस्ट काढले आणि नवे अडकवले. पाय खाली गेला म्हणून गिअरचा लिव्हर काढून एक दाता खाली बसवला, ब्रेकचं पेडलही तेवढंच उतरवलं. "आता बसा."

तो बसला. आपण लांब आहोत हे पायांना इतक्या वर्षांनी आठवलं. घर पाच मिनिटांवर होतं. तो अर्ध्या तासाने पोचला.

आई पायरीवर बसली होती. तिची नजर आधी गाडीवर गेली, मग त्याच्यावर.

"कुणाला विचारून?"

"गुडघे दुखतात, आई."

"त्याचे नाही दुखले कधी."

"माझे पाय लांब आहेत ना..."

"मग पाय कापून घे. गाडी त्याची आहे."

दुपारी अंगणात उकिडवं बसून त्याने स्वतःच्या हाताने नवे काढले आणि जुने बसवले. आई पत्र्याचा डबा घेऊन समोर उभी राहिली आणि पिना, वॉशर मोजून हातात देत गेली. नवे फुटरेस्ट वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली गेले.

दोन वर्षांनी धाकटा चार दिवसांसाठी आला. पोट सुटलं होतं, पण हौस म्हणून गाडीवर बसला आणि पोट मांड्यांवर आलं.

"दादा, कसा काय बसतोस रे यावर? फुटरेस्ट खाली घेता येतात ना."

मोठ्याने आईकडे पाहिलं. आईची पापणीही लवली नाही.

"मी सांगून थकले याला. अक्कल कुठाय? पलंगाखाली आणून ठेवलेत, ते तरी बसवावेत! ऊठ, बसवून दे त्याला."

तो उठला. स्प्रिंग दाबताना अंगठा सोलला. जुने फुटरेस्ट त्याने पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डबा पायरीवर ठेवला. चार दिवस धाकटा गाडीवर हिंडला. मोठा मीटर वाचत पायी फिरला.

शेवटच्या संध्याकाळी धाकट्याला गच्चीवर सिगारेटची राख झाडायला काहीतरी हवं होतं. सकाळी मोठा केराची बादली उचलायला गेला, तर चहाच्या चोथ्याखाली ते दोन फुटरेस्ट. झिजलेली कड वरच होती. बाहेर केराची गाडी येऊन थांबलेली. तो क्षणभर उभा राहिला. मग बादली बाहेर नेऊन गाडीत उपडी केली आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहत राहिला.

धाकटा गेला त्याच दुपारी आई म्हणाली, "आता काढ हे. त्याचे बसव."

"नाहीत. त्याने केरात टाकले."

"खोटं बोलतोस, मेल्या."

"डबा बघ."

डब्यात राख होती आणि सात थोटकं.

"फोन कर त्याला," मोठा म्हणाला. आवाज इतका मऊ होता की त्यालाच नवल वाटलं. "विचार ना."

तिने फोन उचलला, धाकट्याच्या फोटोवर बोट नेलं आणि तिथंच थांबली. मग फोन पालथा ठेवला. "एवढ्या लांब असतो बिचारा. असल्या गोष्टींसाठी त्याला छळायचं?" तिने डबा राखेने घासला, धुतला, उन्हात पालथा घातला. बादली बाहेर कोणी नेली हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिची दाढ काढायची होती. ती मागे एका बाजूला पाय सोडून बसली, नेहमीसारखी सीटमागची दांडी धरून. त्याच्या खांद्याला तिने कधी हात लावला नव्हता.

"बरा पाय पसरून बसलायस," ती मागून म्हणाली. "भावाची वस्तू गेली, तर दुःख नाही तोंडावर."

त्याने गिअर बदलला. लिव्हर पायाखाली अलगद सापडला. पुढे रस्ता उखडलेला होता. आई मागे असली की इथे तो पायी चालल्यासारखी गाडी न्यायचा. आज त्याने वेग कमी केला नाही. गाडी उसळली. मागून "अगं आई गं" आलं आणि एका हाताने त्याचा खांदा घट्ट आवळला.

पुढचा खड्डा त्याला लांबूनच दिसत होता.