एकाच फाईलमध्ये बांधलेलं सॉफ्टवेअर

इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळच्या एका शाळेत माझी मावसबहीण शिकवते. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स ही सिस्टिम होती, पण इंटरनेट नव्हतं. सहावीच्या मुलींना प्रोग्रामिंग शिकवायचं तिच्या मनात होतं, म्हणून मी माझ्या गावाहून, कुडव्याहून, पेन ड्राइव्हमध्ये सॉफ्टवेअर नेलं. इन्स्टॉल करायला घेतलं की ते आणखी एखादी फाईल मागायचं. ती घेऊन गेलो, की दुसरीच मागायचं.

"दादा, अशा किती चकरा मारून राहशील? सगळं एकाच फाईलमध्ये बांधून दे ना," बहीण म्हणाली.

मग घरी बसून मी लागणारं सगळं एकत्र केलं आणि एकच पॅकेज बनवलं. ते पहिल्या झटक्यात बसलं. मुलींनी आज्ञा लिहिल्या आणि पडद्यावरचं कासव चौकोन काढत फिरलं. एक मुलगी ओरडली, "मॅडम, हे तर माझं आयकून राहिलं!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुरुस्तीला आलेल्या माणसाने सगळे कॉम्प्युटर फॉरमॅट करून वेगळीच सिस्टिम टाकली. शाळा उघडल्यावर बहिणीचा फोन आला.

"तुझी फाईल उघडूनच नाही राहिली. पोरी रोज विचारतात. काय सांगू त्यांना?"

नोकरी सांभाळून मी नव्या सिस्टिमसाठी पॅकेज करत राहिलो. ते चाललं, तोवर त्या मुली सातवी संपवून दुसऱ्या गावच्या शाळेत गेल्या होत्या. तिथे कॉम्प्युटरच नाहीत.

आता बहीण नव्या वर्गाचे फोटो पाठवते. बरं वाटतं, पण त्या पहिल्या मुलींचं शिकणं अर्ध्यावर राहिलं, ही चुटपुट काही जात नाही.