बेपत्ता मास्तर आणि पाझर तलाव

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र पहिल्या पंचनाम्यापासून शेवटच्या जबाबापर्यंत जसंच्या तसं आठवतं.

टाळेबंदीनंतरचा तो काळ. मी तेव्हा इस्लापूर भागात ठाण्याचा प्रभारी होतो. पुण्याहून, हैदराबादहून काम सुटून परतलेली माणसं प्रत्येक वाडीत बसून होती. चोऱ्या वाढतील म्हणून गस्त वाढवा, असे वरून आदेश येत. प्रत्यक्षात ठाण्यात यायची ती घरातली भांडणं. कमाई थांबली की माणूस आधी घरच्यांवरच चिडतो. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे शासनाने रोजगार हमीची कामं काढली होती. आमच्या हद्दीतल्या एका वाडीजवळ पाझर तलावाचं खोदकाम सुरू होतं आणि निम्मी वाडी तिथे माती उचलायला जात होती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी बीट जमादारांनी कळवलं की सहस्रकुंड धबधब्याच्या वाटेवर एक मोटारसायकल बेवारस उभी आहे. पंचनामा केला, नंबरवरून मालक काढला. लातूरचा माणूस निघाला. तिथल्या ठाण्यात तो बेपत्ता असल्याची तक्रार, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल होती. वय चाळिशीच्या आत, एका शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवणारे मास्तर. वर्ग बंद पडले तसा पगारही बंद झाला होता.

त्यांच्या पत्नीशी मी फोनवर बोललो. आवाज अगदी शांत होता.

"साहेब, काही सापडलं तर आधी मला सांगा. सासऱ्यांना एकदम सांगू नका."

काय सापडेल असं तिला वाटत होतं, ते मला कळलं. मलाही तेच वाटत होतं. भोई मंडळींना बोलावून कुंडात आणि खालच्या पात्रात शोध घेतला. काही मिळालं नाही. मोबाईल बंद. तपास तिथेच अडला.

आठवडाभराने मोबाईल दुरुस्तीच्या दुकानदाराने जमादारांना बाजूला घेऊन सांगितलं, "एक मजूर भारीतला फोन चार्ज करायला घेऊन आलाय. लॉक विचारला तर म्हणतो, मला ठाऊक न्हाई." जमादारांनी त्या मजुराला फोनसकट ठाण्यात आणलं. फोन मास्तरांचाच होता.

आता प्रकरणाला वेगळा रंग चढला. फोनसाठी माणूस मारला, असं ठाण्यात सगळ्यांनीच धरून टाकलं. मजूर तिशी-पस्तिशीचा, अंगाने काटक. पायाला पिवळी माती लागलेली.

"फोन कुठून आणलास?"

"दिला मला."

"कुणी?"

धाक घालून झाला, समजावून झालं, तो काही बोलेना. माझा अनुभव असा, की गुन्हा केलेला माणूस सुरुवातीला फार बोलतो. न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं देतो. हा तसा नव्हता. मी शिपायांना बाहेर पाठवलं, त्याला चहा दिला आणि फोनचा विषयच सोडून दिला.

"काम काय करतोस?"

"तलावावर माती काढून राहिलो साहेब. मी अन् घरची बाई, जोडीनं."

"बरं. तिथं जाऊन तुझ्या जोडीदारांकडं चौकशी करतो."

त्याचा चेहरा एकदम उतरला. कप खाली ठेवून त्याने हात जोडले.

"मला आत टाका साहेब, पर कामावर जाऊ नका. काम बंद पडंल. आख्ख्या वाडीला दुसरं काईच न्हाई."

खुनाच्या संशयात बसलेला माणूस स्वतःच्या सुटकेचं बोलत नव्हता, तलावाच्या कामाचं बोलत होता. मी खुर्ची पुढे ओढली.

"आम्ही गेलो तर काम का बंद पडेल? असं काय आहे तिथं?"

त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. मग म्हणाला, "माणूस जित्ता हाय साहेब. आमच्यातच हाय."

पुढची हकिगत त्याने सावकाश सांगितली. म्हशी पाण्यावर नेल्या होत्या, तेव्हा त्याला कुंडाच्या कडेच्या खडकावर एक माणूस बसलेला दिसला. धुतलेला शर्ट, पायात बूट, पण नजर ठीक नव्हती. हा त्याच्या शेजारी जाऊन बसला, तंबाखू मळली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, की भाऊ तापानं पडलाय, जोडीला एक गडी कमी हाय, येता का. मास्तर उठून त्याच्या मागे चालू लागले. तेव्हापासून ते याच्या घरी जेवत होते आणि दिवसभर माती काढत होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी वचन घेतलं, घरी कळवायचं न्हाई. अन् बाहेरचा माणूस कामावर घेतला म्हणून सायेब लोक काम बंद करतेत, असं समदे म्हणत होते. म्हणून कुणीच बोललं न्हाई."

"आणि हा फोन?"

"त्यांनी फेकायला दिलता. म्या ठिवला. मी सांगणार न्हाई म्हणलो होतो. पर फोन वाजला अन् घरच्याईनं इचारलं तर बोलणार न्हाई, असं काय म्हणलो न्हवतो. म्हणून चार्ज करायला आणला."

इतकी वर्षं मी कायद्यातल्या पळवाटा काढणारी माणसं पाहिली. चांगुलपणासाठी पळवाट काढणारा हा पहिलाच.

आम्ही तलावावर गेलो. उन्हात बाया-माणसांची रांग टोपली पुढे देत होती. दाढी वाढलेला, डोक्याला टॉवेल बांधलेला एक माणूस फावड्याने टोपल्या भरत होता. मी "सर" अशी हाक मारली तेव्हा फक्त त्याचाच हात थांबला.

"मला अटक आहे का?"

"नाही. तुमची मिसिंग दाखल आहे. जबाब द्यावा लागेल."

"तेवढा खड्डा पुरा करतो, मग येतो. नाहीतर यांचं माप कमी भरेल, मजुरी कापली जाईल."

मी एका दगडावर बसून वाट पाहिली. तिथूनच त्यांच्या पत्नीला फोन लावला. पलीकडून रडण्याचा आवाज तेवढा आला.

जबाबात मास्तर म्हणाले, "मध्यंतरी मी भाजी विकायला बसलो होतो. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मेथी घेतली आणि 'नमस्कार सर' म्हणाले. वाईट काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मला तिथं बसवेना. इथं मला कुणी सर म्हणत नाही. संध्याकाळी हात दुखतात आणि झोप लागते."

दुसऱ्या दिवशी पत्नी आली, सोबत सासरे. निलंग्याकडचे शेतकरी, कपाळावर विभूती, ताठ बसण्याची सवय. मुलाच्या तळहाताचे फोड बघून त्यांनी नजर वळवली. मग बायकोला घेऊन ठाण्यात आलेल्या त्या मजुराला विचारलं, "ह्याला जमलं का हे काम?"

"पहिल्या दिशी न्हाई जमलं. आता जमतंय, बाबा."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे मान वळवली. "आमच्या गावात बी काम निघालं होतं," ते मला म्हणाले. "हा जातो म्हणला. मीच नको म्हणलो. शिकलेला पोरगा टोपलं उचलणार, लोक काय म्हणतील." मग मुलाकडे वळून म्हणाले, "चल गावाकडं. उद्या ग्रामपंचायतीत मीच येतो तुझ्यासंगं."

मास्तरांच्या पत्नीने मजुराच्या बायकोचे दोन्ही हात धरले आणि तशीच उभी राहिली.

तहसील कार्यालयात मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. बाहेरच्या माणसाच्या नावावर मजुरी उचललेलीच नव्हती, तेव्हा काम थांबवण्याचा प्रश्न आला नाही. वाडीवर जाऊन अधिकाऱ्यांनी लोकांना समजावलं की काम मागणं हा त्यांचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. ज्यांनी भीतीने अर्ज केले नव्हते, त्यांनीही केले. पावसाळ्यात तलाव भरला. मास्तरांनी गावात रोजगार हमीला नाव नोंदवलं आणि वर्ग सुरू होईपर्यंत शेततळ्यांच्या कामावर गेले. आता ते पुन्हा लातूरला शिकवतात.

बेकारीने माणूस खचतो, हे मला माहीत होतं. त्याला सावरायला किती थोडं लागतं, ते मात्र माहीत नव्हतं. सरकारी कामाचा हिशेब मातीच्या मापात होतो. त्या मापात मास्तर कुठेच नव्हते, तरीही त्यांचा जीव त्या कामामुळेच वाचला. त्यानंतर मिसिंगची तक्रार आली की वैर, कर्ज, भांडण विचारण्याआधी मी विचारायचो, "हाताला काम होतं का?" आणि सापडलेल्या माणसाचा जबाब झाला की त्याला घरी सोडण्याआधी जमादारांबरोबर ग्रामपंचायतीत कामासाठी नाव नोंदवायला पाठवायचो. त्यातल्या एकाचंही नाव पुन्हा आमच्या मिसिंगमध्ये आलं नाही.