तोंड आणणारी गोळी

राजूबाईचं दुसरं मूलही मेलेलंच जन्मलं, तेव्हा निंबर्ग्यात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. तिचा नवरा किशनराव तुरीच्या आणि कापसाच्या गाड्या घेऊन गुलबर्ग्याच्या गंजबाजारात जायचा. माल विकला की दोन-चार रात्री तिथंच राहायचा. कुठं राहायचा, ते बाकीच्या गाडीवानांच्या बायकांनाही ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याला गरमी, म्हणजे उपदंश, झाली आणि त्याच्याकडून राजूबाईला. अंगावर तांबडे डाग उठले, केस झडले, मग ते सगळं आपोआप विरून गेलं. पोटातली मुलं मात्र टिकेनात.

"सुनंच्या अंगात उष्णता लई," एवढंच तिची सासू शकुबाई लोकांना सांगायची. घरात त्याहून जास्त कुणी बोलत नसे.

गावात हावगेप्पा वैद्याचं मुळ्या-भस्मांचं लहानसं दुकान होतं. रोग्याला दिलेल्या औषधाला मोल घ्यायचं नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याच्याकडून वदवून घेतलं होतं आणि तो ते पाळायचा. त्यानं राजूबाईची नाडी पाहिली आणि म्हणाला, "तंगी, तोंड आणावं लागंल." तंगी म्हणजे धाकटी बहीण. गावातल्या सगळ्या सुना त्याच्या तंगी होत्या.

तोंड आणायची गोळी रसकापराची असे. कणकेत गुंडाळून, दातांना लागू न देता गिळायची. माणसानं अंधाऱ्या खोलीत बसायचं, वारा घ्यायचा नाही, दूध आणि तुपातली पोळी तेवढी खायची. मीठ अजिबात नाही. काही दिवसांत हिरड्या सुजतात, जीभ जाड होते, तोंडातून लाळेची धार लागते. जेवढी लाळ जाईल तेवढा रोग बाहेर पडला, असं हावगेप्पा मानायचा. त्याचे वडीलही तेच मानायचे. लाळ पडायला समोर मातीचं परळ ठेवत आणि ते भरलं की घरातली माणसं समाधानानं एकमेकांकडे बघत.

राजूबाईचंही परळ भरलं. शकुबाई ते दिवसातून कितीदा तरी परसात ओतून यायची.

"सासूबाई, म्हशीचं दूध बी इतकं निघत न्हाई की आपल्याकडं," राजूबाई सुजल्या तोंडानं म्हणाली.

"गप बस. बोलू नको म्हणलंय वैद्यानं."

त्या खोलीतच लोणच्याची बरणी होती. अळणी दुधाला कंटाळून एका दुपारी राजूबाईनं बरणीच्या तोंडावरचं फडकं सोडलं, त्याला लागलेलं मीठ जिभेनं चाटलं आणि फडकं पुन्हा तसंच बांधून ठेवलं. हिरड्यांना आग लागली, पण चवीनं तिला रडू आलं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही.

तिसरं मूल आठव्या महिन्यात गेलं. मुलगा होता. अंगाची साल निघालेली होती, म्हणून शकुबाईनं त्याला फडक्यात गुंडाळूनच ठेवलं, आईला दाखवलं नाही.

हावगेप्पा उंबऱ्याशी बसला. त्यालाही वाईट वाटलं होतं. तो म्हणाला, "तंगी, खरं सांग. पथ्य मोडलं होतं काय?"

राजूबाईनं सांगून टाकलं.

"तिथंच घात झाला बघ," तो हळूच म्हणाला. तो रागावला नाही. शकुबाईही रागावली नाही, नुसती तोंडाला पदर लावून उठून गेली. त्या दिवसापासून राजूबाईच्या मनानं पक्कं धरलं की आपलं मूल आपण चिमूटभर मिठासाठी मारलं.

चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती स्वतःच म्हणाली, गुलबर्ग्याच्या मिशनच्या दवाखान्यात एकदा दाखवू. किशनराव गंजाला निघालाच होता. पोत्यांवर सासू-सून बसल्या.

दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड उघडायला लावलं. पाच दात गेलेले, हिरड्यांवर निळी-काळी रेघ. त्या नर्सबाईंशी काहीतरी रागानं बोलल्या. नर्सबाई बिदरकडच्या होत्या. त्यांनी राजूबाईजवळ बसून नीट समजावलं.

"रसकापूर म्हंजी पारा हाय बाई, इख. लाळ गळती ती रोगाची न्हवं, त्या इखाची. दात बी त्यानंच पडलेत. आता पोटात लेकरू हाय, ती गोळी पुन्हा घेऊ नको."

"पर मी मीठ खाल्लं होतं..."

"मिठानं काय बी झालं न्हाई."

नर्सबाईंनी बोटांवर मोजून पुढचं सांगितलं.

"दर हप्त्याला सुई टोचायची, बाळंत होस्तोर. मालकानं बी घ्यायची. त्यांनी घेतली न्हाई तर तुला पुन्हा लागण हुईल. दोघं आलाव तर लेकरू जगंल. जगलेली लेकरं बघितलीत मी."

बाहेर किशनराव बैलांना पेंड घालत होता. बाजूला दुसरे गाडीवान विड्या ओढत बसले होते.

"तुमाला बी सुई घ्यायची म्हणं," राजूबाई म्हणाली.

"मला कामून? मी काय बाळंत व्हायलोय?"

गाडीवान हसले. राजूबाई हसली नाही.

"दर हप्त्याला यायचं. तुमी गंजाला येतावच की."

"गंजाला येतो ते कामाला येतो."

"व्हय, रातचं बी कामच असतंय तुमचं."

आता गाडीवानांनी माना फिरवल्या. किशनरावानं पेंडीची पाटी उचलून गाडीत आदळली. "तिथं नाव लावलं की गावभर व्हतंय. मला काय बी झालं न्हाई. बस गाडीत." पेरणी तोंडावर होती, हे त्यानं वाटेत सांगितलं. निंबर्ग्याहून गुलबर्गा बैलगाडीनं एका दिवसात होत नाही, आणि नवऱ्यावाचून तिला कोण नेणार होतं?

राजूबाईनं त्या दिवशी घेतलेली सुई पहिली आणि शेवटची. दुसऱ्या हप्त्याला तिनं विचारलं, तिसऱ्याला विचारलं. मग विचारणं सोडलं.

नर्सबाईंचं खरं मानलं तर तिच्या हातात काहीच उरत नव्हतं. सगळं किशनरावाच्या हातात जात होतं आणि तो हात पुढे यायचा नव्हता. हावगेप्पाचं खरं मानलं तर चूक तिचीच होती, पण मग ती सुधारताही येत होती. पोट हलायला लागलं त्या आठवड्यात ती हावगेप्पाकडे गेली.

"अण्णा, परत तोंड आणा माझं. ह्या टायमाला पथ्य मोडणार न्हाई."

"पोटुशीला जरा जड जातंय, तंगी."

"जाऊ द्या. लेकरू जड व्हाया पायजे."

तिनं पथ्य मोडलं नाही. दूधसुद्धा ती भीत भीत प्यायची. लाळ अशी लागली की परळ बदलायला शकुबाईला उसंत मिळेना. गालाच्या आतलं मांस सडून सुटू लागलं. उरलेले दात जिभेनं ढकलले की निघायचे. ती ते पदराच्या टोकात बांधून ठेवायची. मग जबडा आखडला. दातांच्या रिकाम्या जागेतून चमच्यानं दूध घालावं लागलं. दुखणं वाढलं की ती पोटावर हात ठेवायची. आत हालचाल लागली की पुन्हा गोळी गिळायची.

हावगेप्पा आला. कंदील जवळ धरून त्यानं तिचं तोंड पाहिलं, परळ पाहिलं. त्याचा चेहरा उजळला.

"निघालं! सगळं निघालं बघा अक्का. असं तोंड मी आजपतूर बघितलं न्हाई. आता भ्या न्हाई."

शकुबाईनं देवाला हात जोडले. किशनराव दारात उभा होता. तो म्हणाला, "बघ, आपल्या गावातच औषध हाय की."

राजूबाई काहीतरी सांगत होती. आखडलेल्या जबड्यातून नुसता घरघर आवाज आला. शकुबाईनं विचारलं, "पाणी पायजे काय?" राजूबाईनं नाही म्हणून मान हलवली. मग सासूचा हात धरून तिनं आपल्या पोटावर ठेवला आणि दाबला.

"व्हय गं, व्हय. आता जगतंय ते," शकुबाई तिचं पोट कुरवाळत म्हणाली.

काल सकाळपासून आत काही हललं नव्हतं. राजूबाईनं तो हात आणखी जोरानं दाबून धरला. शकुबाईनं तो हळूच सोडवून घेतला आणि वैद्यासाठी दूध तापवायला चुलीकडे गेली.