पाठमोरी खुर्ची

तालमीत रफीकभाई आमच्याकडे पाठ करून बसत. आम्ही जीव तोडून अभिनय करायचो आणि नाटकाचा लेखक भिंतीकडे तोंड करून! नाशिक रोडला त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गावाला नीट दिसावं म्हणून धडपडणारा हा माणूस स्वतःचं नाटक मात्र नुसतं ऐकायचा. विचारलं की म्हणत, "डोळा लबाड हे बाई, चांगल्या साडीला भुलतो. कान नाय भुलत." त्यांच्या वाक्यातला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, की मान न वळवता ओरडत, "पुन्हा!"

मूळचे ते नामपूरचे, कांद्याच्या पट्ट्यातले. नव्या नाटकात तिकडच्याच एका आईची भूमिका त्यांनी मला दिली. बँकेतली नोकरी सांभाळून इतकी वर्षं शेजारणी आणि मोलकरणी रंगवल्यावर मिळालेली पहिली मोठी भूमिका! मुलगा कायमचा घर सोडून निघतो, तेव्हा तिला एक लांबलचक स्वगत होतं. पहिल्या वाचनाला सगळ्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं होतं.

नाट्यस्पर्धा तोंडावर आली आणि माझ्या स्वरतंतूंना सूज आली. अवाक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी दुकानात गेले, 'दुसरी बाई बघा' असं कागदावर लिहून पुढे केलं. रडू काही आवरेना.

"भूमिका तुझी हे, वाक्यं माझी," रफीकभाई म्हणाले. "मी माझी सोडतो."

दिग्दर्शक हादरलाच. "अहो, त्या स्वगतावर नाटक उभंय!"

"मग बसवू त्याला खाली."

आईची सगळी वाक्यं गेली. स्वगताच्या जागी त्यांनी मला कांद्यांचा ढीग दिला. मुलगा बोलत राहतो, आई कांदे निवडत राहते आणि चांगले तेवढे त्याच्या पिशवीत भरते. अशा पहिल्या तालमीला मी मान खाली घालून कांदे निवडत होते. मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वर पाहिलं, तर रफीकभाई आमच्याकडे तोंड करून बसले होते.

पुढे आवाज परत आल्यावर मी म्हटलं, "आता स्वगत घाला ना परत."

"राहू दे. तिथं आता तू हे."

उपकार या शब्दाला मी एरवी बिचकते, पण इथे मला दुसरा शब्द सापडत नाही.

मागच्या वर्षी रफीकभाई गेले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. घसा ठणठणीत होता, पण शब्द फुटेना. व्यासपीठावर त्यांची खुर्ची ठेवली होती, कुणीतरी सवयीनं पाठमोरी. मी ती लोकांकडे वळवली आणि जागेवर येऊन बसले.